आबासाहेब आणि कुलूपवालं कार्ड

आबासाहेब दफ्तरदारांनी आयुष्यात एकच गोष्ट घाईनं केली, ती म्हणजे लग्न. आणि तीही घाई मुलीकडच्यांची होती, असं ते स्वतःच सांगत. बाकी कुठलीही वस्तू, माणूस किंवा भाजी त्यांना पहिल्या भेटीत पसंत पडल्याचं देवासात कुणाच्या ऐकिवात नाही. एकदा त्यांना छताचा पंखा घ्यायचा होता. सोनकच्छच्या साडूनं तोच पंखा आधीच घेतलाय असं कळल्यावर ते दोन उन्हाळे सोनकच्छला जाऊन त्या पंख्याखाली दुपारचे झोपून आले. तिसऱ्या उन्हाळ्यात पंखा पसंत पडला, तोवर कंपनीनं तो बनवायचंच बंद केलं होतं.

"बघा मास्तर," ते मला म्हणाले, "बरं झालं घाई नाही केली. टिकाऊ कंपनी नव्हती."

मास्तर म्हणजे मी. एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि आबासाहेबांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. भिंत एकच असली तरी आमच्यामध्ये एक सरहद्द होती, आणि ती आबासाहेबांनी एकट्यानं सांभाळली होती. देवासला एकेकाळी दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार, आणि काही ठिकाणी तर रस्त्याची ही बाजू ह्यांची, ती बाजू त्यांची. आबासाहेबांचे पूर्वज थोरल्या पातीचं दफ्तर सांभाळायचे. माझे पूर्वज धाकट्या पातीच्या तबेल्यात काहीतरी होते. नेमकं काय, ते आमच्या घरात कुणी विचारत नाही. संस्थानं गेली, राजे गेले, रस्ता नगरपालिकेचा झाला आणि त्यावर बैल निवांत बसू लागले, तरी आबासाहेब मला "तुम्ही पलीकडचे लोक" असंच म्हणायचे. आमच्याकडे पन्हं जास्त गोड झालं तरी त्याचं कारण ते धाकट्या पातीत शोधत.

ते बांधकाम खात्यात हेडक्लार्क होते. डहीपासून टोंकखुर्दपर्यंत बदल्यांवर फिरले, पण कुठल्याही फाइलवर त्यांनी तत्काळ सही केली नाही. "चूक करायचीच तर चौकशी करून करावी" हे त्यांचं वाक्य खात्यात प्रसिद्ध होतं. डहीजवळचा एक पूल तर त्यांच्या चौकशीतच वाहून गेला, असं त्यांचे सहकारी हसत हसत सांगायचे. म्हणजे पूल झालाच नव्हता. जुना होता, तो वाहून गेला आणि नव्याची चौकशी चालू राहिली.

जेवणाच्या बाबतीतही तेच. आमच्या भिंतीतून रोज दुपारी काकूंची हाक ऐकू यायची, "अहो, पानं वाढलीत!" त्यावर आबासाहेबांचा आवाज, "हो." मग पुन्हा हाक. "आलोच." मग आणखी हाका. भात निवायचा, वरणावर साय धरायची, आणि काकूंच्या आवाजातला गोडवा उतरत उतरत शेवटी अस्सल माळवी, म्हणजे नवऱ्यालाही भिया, भाऊ म्हणणारा, व्हायचा, "भिया, आता येता का मी ताट गाईला घालू?" तेव्हा कुठे पाट सरकल्याचा आवाज यायचा. पहिल्या हाकेला उठलेले आबासाहेब मी कधी पाहिले नव्हते.

अशा ह्या माणसाला त्यांच्या मुलानं, सतीशनं, पुण्याहून डिजिटल कॅमेरा पाठवला. तोपर्यंत मोबाइलनंच सगळी दुनिया फोटो काढू लागली होती, पण आबासाहेबांचा मोबाइल बटणांचा होता आणि "फोनच्या पोटात फोटो ठेवणं म्हणजे देवघरात चपला ठेवणं" असं त्यांचं मत होतं. कॅमेरा त्यांनीच मागितला होता, आणि त्यामागे मोठं कारण होतं.

धारला त्यांची थोरली बहीण राहायची. सगळे तिला अक्का म्हणत. ऐंशीच्या पुढची, विधवा, एकटी, आणि आवाज अजून खणखणीत. दरवर्षी भाद्रपदात तिच्याकडे महालक्ष्म्या बसायच्या आणि पूजा झाल्यावर अक्का हातात अक्षता घेऊन कहाणी सांगायची. पुस्तकातली नव्हे. तिच्या आजेसासूनं तिला तोंडी दिलेली. तिच्या कहाणीतलं आटपाट नगर थेट धारच होतं. राजाचा वाडा किल्ल्याच्या चढावर, म्हातारी तळ्याच्या काठी, आणि मध्येच एक माळवीण दूध घेऊन यायची आणि राणीशी माळवीत अशी कडाकडा भांडायची की नैवेद्याला खोळंबलेली माणसं भूक विसरून हसत. ही माळवीण कुठल्याही छापील कहाणीत नाही. ती फक्त अक्काकडे होती.

आता अक्काचा मुलगा तिला कायमचं बंगळूरला नेणार होता. धारच्या घराला कुलूप लागणार, महालक्ष्म्यांचे मुखवटे डब्यात जाणार. म्हणजे हे शेवटचं वर्ष. आबासाहेबांनी ठरवलं की अक्काची कहाणी, तिच्या आवाजात, अथपासून इतिपर्यंत कॅमेऱ्यात घ्यायची. त्यांच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांचे कागद सांभाळले, आता घरातलं काहीतरी सांभाळायचं. हे सांगताना त्यांनी चष्मा काढून पुसला होता, म्हणून मी त्या दिवशी चेष्टा केली नाही.

कॅमेरा होळीच्या सुमारास आला. आत मेमरी कार्ड नव्हतं. सतीश म्हणाला, "बाबा, कुरियरनं पाठवतो." आबासाहेबांनी त्याला साफ नकार दिला. ते म्हणाले, "भांडं तू दिलंस, आत काय ठेवायचं ते मी बघतो." महालक्ष्म्यांना अजून पाच-सहा महिने होते. काकू मला हळूच म्हणाल्या, "मास्तर, एवढ्या दिवसांत हे कार्ड घेतील असं वाटतं तुम्हाला?"

चौकशी सुरू झाली. इंदूरला लग्नाला गेले की नवऱ्या मुलाच्या फोटोग्राफरला गाठायचे. बँकेत गेले की कॅशियरला विचारायचे. टेकरीवर देवीच्या दर्शनाला आलेल्या एका परक्या माणसाच्या गळ्यात कॅमेरा पाहून त्याला पायऱ्यांवर थांबवून त्यांनी कार्ड बाहेर काढायला लावलं आणि उन्हात धरून पाहिलं. शेवटी कळलं ते असं की, सगळ्यात विश्वासू दुकान आमच्याच गावात, बंटी भियाचं. पण ते दुकान रस्त्याच्या पलीकडे होतं. म्हणजे धाकट्या पातीत.

आता ह्याला काय म्हणावं? पण मी खोटं सांगत नाही. एका सकाळी आबासाहेब मला घेऊन बाजारात गेले आणि आपल्या बाजूच्या पावभाजीच्या बंद गाडीजवळ उभे राहिले. मला म्हणाले, "तुम्ही जा. तुमचाच मुलूख आहे. मी इथून विचारतो."

मी दुकानात गेलो. मधून टेंपो जात होते, हातगाड्या जात होत्या, आणि आबासाहेब पलीकडून ओरडत होते.

"विचारा, गॅरंटी किती?"

"पाँच साल, दादासाब!" बंटी भिया गल्ल्यावरून ओरडला.

"फक्त पाच? आमच्या पणजोबांच्या दफ्तराला शंभर वर्षांवर झाली!"

त्या दफ्तराला वाळवी लागून ते कधीच माती झालं, हे सगळ्या देवासला ठाऊक आहे. पण रस्त्यावरून ओरडून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

बंटी भियानं काचेवर तीन-चार कार्डं मांडली. कार्डावर गोलात आकडा असतो, ते किती वेगानं लिहितं त्याची श्रेणी. चार, सहा, दहा. मी पलीकडे ओरडून आकडे सांगितले.

"चार म्हणजे चतुर्थ श्रेणी?" आबासाहेब म्हणाले. "मी हेडक्लार्क होतो. ते परत ठेवा!"

मग बंटीनं नखाएवढं छोटं कार्ड काढलं आणि ते एका मोठ्या कार्डाच्या पोटात सरकवून दाखवलं. "मास्टर साब, ये देखो, मोबाइल में भी चलेगा, कैमरे में भी." मी ते हवेत धरून दाखवलं.

"शिंक आली तर उडेल!" पलीकडून निकाल आला. "आणि एकाच्या पोटात दुसरं म्हणजे बेनामी कारभार झाला. नको!"

तोवर रस्त्यावर दहा-वीस माणसं जमली होती. एक भाजीवाली त्यांना विचारत होती, "दादा, काई हुयो? मास्टर के पकड़ लियो काई?" शेवटी बंटी भियानं एका अख्ख्या मोठ्या कार्डाची कड दाखवली. तिथे एक बारीक कळ असते. ती खाली सरकवली की कार्डावर काही लिहिता येत नाही, पुसताही येत नाही. "इसमें लॉक है, साब."

आबासाहेब रस्ता ओलांडून आले. टेंपोवाल्यानं करकचून ब्रेक मारला, शिवी हासडली, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. थोरल्या पातीचा माणूस धाकट्या पातीच्या दुकानात स्वतःच्या पायानं आला. त्यांनी कार्ड तळहातावर घेतलं, नखानं कळ वरखाली केली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मास्तर, ह्याला कुलूप आहे. कुलूप नसलेलं दफ्तर म्हणजे चव्हाटा. हेच घ्या."

अशा रीतीनं श्रावण संपता संपता कार्ड घरात आलं. तांब्याच्या छोट्या डबीत, कापसावर, कुलूप लावून. मी म्हणालो, "आबासाहेब, आता जरा हात बसवा. काकूंचे दोन-चार व्हिडिओ काढून बघा. बटण कसं दाबायचं, लाल ठिपका कुठे येतो, सवय व्हायला हवी."

"छे!" ते दचकलेच. "कोऱ्या वहीवर पहिलं श्री लिहितात, मास्तर. भाजी आणि दुधाचा हिशेब नव्हे. ह्यावर पहिल्यांदा महालक्ष्म्याच उमटतील."

"पण बटण चुकलं तर?"

"चौकशी केली आहे," ते म्हणाले. आणि केली होतीच. कॅमेऱ्याबरोबरचं पुस्तक त्यांनी हिंदीतून दोनदा आणि इंग्रजीतून एकदा वाचलं होतं. फक्त बटण दाबलं नव्हतं.

भाद्रपदात आबासाहेब आणि काकू इंदूरला बस बदलून धारला गेले. परत आले तेव्हा त्यांची मान ताठ होती. कहाणी झाली, माळवीण आली, अक्कानं यंदा तिला नेहमीपेक्षा जास्त भांडू दिलं, सगळं कॅमेऱ्यात बसलं. दोनच दिवसांनी अक्का मुलाबरोबर बंगळूरला गेली. मी म्हणालो, "दाखवा की!"

"दसऱ्याला," आबासाहेब म्हणाले. "पितृपक्षात उघडायचं नाही. पहिलं दर्शन दसऱ्याला, सोनं वाटून झाल्यावर, सगळ्यांसमक्ष."

कार्ड पुन्हा डबीत गेलं. त्यानंतर आली खंडेनवमी. आपल्या लोकांत त्या दिवशी शस्त्रांची पूजा करतात, आणि लढाया संपल्यामुळे ज्याच्याकडे जे असेल ते शस्त्र. आबासाहेबांच्या पाटावर अडकित्ता, काकूंचं शिवणयंत्र, गॅसचा लायटर आणि खात्यातून निवृत्त होताना मिळालेला स्टेपलर अशी फौज होती. त्यात कॅमेरा. पण कॅमेऱ्याचा जीव कार्डात, म्हणून गंध कार्डालाच लावायला हवं. पुढच्या बाजूला कंपनीचं नाव छापलेलं. ते कशाला खराब करा? मागच्या बाजूला बारीक बारीक सोन्याच्या पट्ट्या दिसल्या. सोनं म्हणजे देवीचा मान. आबासाहेबांनी बरोब्बर त्या पट्ट्यांवर ओलं गंध, हळद, कुंकू आणि अक्षता वाहिल्या.

दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं देऊन घेऊन झाल्यावर आम्ही दहा-बारा जण त्यांच्या दिवाणखान्यात टीव्हीसमोर बसलो. काकूंनी अनारसे फिरवले. आबासाहेबांनी छोटंसं भाषण केलं, त्यात थोरल्या पातीचा उल्लेख आला, धाकट्या पातीचा आला नाही. मग त्यांनी डबी उघडली, कार्ड कॅमेऱ्यात सरकवलं आणि तार टीव्हीला जोडली.

पडद्यावर अक्षरं आली, "कार्ड नहीं है."

आबासाहेबांनी कार्ड काढलं, पुन्हा घातलं. पुन्हा तेच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तो चेहरा मी विसरू शकत नाही. एवढा जबाबदार माणूस इतका लहान दिसू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी कार्ड हातात घेतलं. मागं सोन्याच्या पट्ट्यांवर कुंकवाची खपली धरली होती आणि एक अक्षता चिकटून बसली होती. घरी जाऊन पेन्सिलीचा खोडरबर आणला आणि हलक्या हातानं ते सगळं घासून काढलं.

कार्ड लागलं. टाळ्या झाल्या.

पडद्यावर फरशी दिसली. मग एक पाय. आबासाहेबांचाच, धोतरासकट. पाय चालत होता, मागून भांड्यांचा आवाज, कुणी म्हणत होतं "पुरणात वेलची घातली का ग?" मग कॅमेरा कुठेतरी ठेवला गेला आणि भिंतीचा कोपरा दिसत राहिला. मागून आबासाहेबांना दिगू म्हणणाऱ्या अक्काचा आवाज, "दिगू, सोड आता ते डबडं, हातपाय धू." बऱ्याच वेळानं आबासाहेबांचा खाकरण्याचा आवाज, "हं, अक्का, कर सुरू," टिक्, आणि पडदा काळा.

दुसरा तुकडा सुरू झाला. त्यात अक्षता वाहिल्या गेल्या होत्या, मंडळी उठत होती.

माझ्या लक्षात आलं. आबासाहेबांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. धारच्या घरात शिरतानाच त्यांनी चुकून बटण दाबलं होतं. चष्मा कपाळावर होता, लाल ठिपका दिसला नाही. कहाणीच्या वेळी चालू करायला दाबलं, ते बंद झालं. कहाणी संपल्यावर बंद करायला दाबलं, ते चालू झालं. मधली कहाणी, आटपाट धार, राणी, माळवीण, काही म्हणता काही नव्हतं. उरलं होतं ते जेवण. केळीची पानं, धावपळ, आणि अक्का, अगदी कॅमेऱ्यासमोर, कमरेवर हात ठेवून.

"दिगू, ऊठ रे. पानं वाढलीत. किती हाका मारायच्या तुला?"

आणि पडद्याबाहेरून आबासाहेबांचा आवाज, "आलोच, अक्का."

मला त्यांचा राग आला. सहा महिने गॅरंटी, श्रेणी, कुलूप, आणि एक बटण दाबून बघायला वेळ नव्हता! नेमका तेव्हाच काकूंचा फोन वाजला. बंगळूरहून अक्का. काकूंनी फोन स्पीकरवर लावून आबासाहेबांच्या हातात दिला.

"काय रे दिगू, लागलं का तुझं ते?"

"लागलं, अक्का."

"कहाणी आली का? माळवीण आली?"

आबासाहेबांनी एकदा आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. "सगळं आलं. अथपासून इतिपर्यंत."

"बरं झालं रे बाबा," अक्का म्हणाली. "आता मी विसरले तरी हरकत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा आबासाहेबांनी चौकशी न करता उत्तर दिलं होतं, आणि त्यामुळे पुढची सगळी वाट बंद झाली. सगळं आलंय म्हटल्यावर पुन्हा सांग असं कोणत्या तोंडानं म्हणणार? काकू आडून आडून एकदा विचारायला गेल्या, तर अक्का म्हणाली, "कहाणी महालक्ष्म्यांसमोर सांगायची असते ग, फोनवर नाही. आणि दिगूकडे आहे की." माघात अक्का वारली. काकूंनी आणि आणखी दोघीतिघींनी मिळून कहाणी जुळवायचा प्रयत्न केला. राजा जुळला, म्हातारी जुळली. माळवीण काय भांडायची, ते कुणालाच धड आठवेना. सगळ्यांना फक्त आपण हसलो होतो एवढंच आठवत होतं.

आबासाहेबांनी त्याबद्दल माझ्याकडे एक शब्दही काढला नाही. पण एक बदल माझ्या कानावर आला. आमच्या भिंतीतून काकूंच्या हाका ऐकू येईनाशा झाल्या. मला वाटलं, नवराबायकोत काही बिनसलं असेल.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत. दुसऱ्या दिवशी मी बायकोच्या माहेरी गेलो आणि परतलो तेव्हा ते राहिले नव्हते. त्या दुपारी मी त्यांना कैऱ्या द्यायला गेलो होतो. दार उघडंच होतं. आबासाहेब टीव्हीसमोर बसले होते, कॅमेऱ्याची तार लावलेली. पडद्यावर अक्का कमरेवर हात ठेवून उभी होती.

"दिगू, ऊठ रे. पानं वाढलीत."

पुढचं वाक्य यायच्या आत आबासाहेबांनी टीव्ही बंद केला. "आलो, अक्का," असं म्हणून गुडघ्यावर हात टेकून उठले. माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली, कार्ड काढून त्याची कळ खाली सरकवली, डबीत ठेवलं आणि आत गेले.

काकू स्वयंपाकघरात अजून कुकर उघडत होत्या. मला पाहून हळूच म्हणाल्या, "रोज असंच. आता मला हाक मारावी लागत नाही."

पान अजून मांडलेलं नव्हतं. आबासाहेब पाटावर जाऊन बसले होते.